आगरच्या बंधाऱ्याखालची शिवण

मी आधी पोती शिवायचो. तलासरीच्या एका भाताच्या गिरणीत हमाली करता करता शिलाईवर आलो. गिरणीवाल्यानं पोती शिवायचं एक मशीन भंगारात काढलं होतं. ते मी तीन दिवस घासाघीस करून घेतलं, दुरुस्त केलं आणि त्याच मशीनवर त्याच गिरणीचा पोती शिवायचा ठेका घेतला. गिरणीवाला पुढे कितीतरी दिवस म्हणायचा, याच्याशी बोलताना खिशावर हात ठेवा. मला त्याचा राग आला नाही. ज्याच्या मागे कोणी उभं नसतं त्याला असंच वागावं लागतं.

२०१४ साली तलासरीजवळच्या एका रस्त्याच्या कामावरून मला निरोप आला. जमीन दलदलीची होती आणि भराव टाकण्याआधी खाली एक जाड कापड अंथरायचं होतं. करड्या रंगाचं, घोंगडीसारखं. पाणी आरपार जाऊ देतं, माती अडवून धरतं. त्याला जिओटेक्सटाइल म्हणतात हे मला तिथेच कळलं. त्याचे पट्टे नुसते एकावर एक चढवले तर भरावाच्या वजनानं सरकतात, म्हणून ते जागेवरच शिवायचे. त्यासाठी लागणारं मशीन पोती शिवायच्या मशीनसारखंच होतं. तिथल्या इंजिनिअर साहेबांनी विचारलं, "जमेल का?" मी म्हटलं, "आजच सुरू करू का?"

माझ्याकडे डोंगराकडच्या पाड्यांवरच्या सहा बायका होत्या. त्यांतली एक माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. मी तिला बाय म्हणायचो, ती मला शेट. पोत्यांपासून माझ्याबरोबर होती. या कामात तिघी लागतात. पुढची दोन पट्ट्यांच्या कडा नमस्काराला हात जोडावेत तशा जुळवून धरते, मधली मशीन चालवते, मागची शिवलेली कड उचलून सरळ ठेवते. मशीन पट्ट्यानं खांद्याला अडकवलं तरी दुपारपर्यंत हात भरून येतो. मधली नेहमी बायच असायची. टाका सुटला की मशीनचा आवाज बदलतो, तो तिला जनरेटरच्या धडधडाटातही ऐकू यायचा. ती थांबायची, हातभर मागे जायची आणि पुन्हा शिवत यायची. तिच्याशिवाय माझं काम म्हणजे एक भंगारातलं मशीन आणि माझं तोंड, एवढंच होतं. हे मी तेव्हा कुणाजवळ कबूल केलं नसतं.

२०१७ च्या होळीआधी डहाणूजवळच्या आगर गावी समुद्रालगतच्या दगडी बंधाऱ्याचं काम निघालं. किनारा खचत होता. उतारावर कापड आणि त्यावर दगड, म्हणजे लाटेबरोबर खालची वाळू निघून जात नाही. कापडाचे पट्टे आधी सपाट जागेवर शिवून मोठे तुकडे करायचे आणि मग उतारावर अंथरायचे. निम्म्या बंधाऱ्याचं काम मला मिळालं होतं, तेही परीक्षा घेतल्यासारखं. ते नीट झालं तर उरलेला निम्मा माझा.

तो उरलेला निम्मा आणखी एकाला हवा होता. साइटचा सुपरवायझर उंबरगावकडचा, गुजराती मिसळून गोड बोलणारा, डोक्यावर कायम पांढरी टोपी. त्याचा मेव्हणा हेच शिलाईचं काम करायचा आणि त्याच्याकडे दोन दोऱ्यांचं नवं मशीन होतं. ही माहिती मला सुपरवायझरनं स्वतःच पहिल्या दिवशी चहा पाजता पाजता दिली. "शेठ, आपडा माणस छे, पण तुमच्या कामात मी कशाला पडू?" असं तो म्हणाला तेव्हाच मी समजलो की हा पडणार. रोज संध्याकाळी तो आमच्या शिवणीवरून चालत जायचा आणि मोबाइलवर फोटो काढायचा. मी विचारलं, "एवढे फोटो कुणाला दाखवता?" तो म्हणाला, "रेकॉर्ड माटे." त्या दिवसापासून मी त्याच्याकडचा चहा बंद केला.

एका संध्याकाळी मी डहाणूहून दोऱ्याची रिळं घेऊन परत आलो, तर पाण्याच्या टाकीशी तो आणि बाय बोलत उभे होते. हळू आवाजात. मला पाहताच तो टोपी सारखी करत निघून गेला आणि बाय हात धुवायला लागली.

"काय म्हणत होता?"

"काय नाय."

"काय नाय म्हणायला एवढा वेळ लागतो?"

"शेट, हात धुऊ द्या," ती म्हणाली.

ते 'काय नाय' मी रात्रभर चघळत राहिलो.

सकाळी साइटवर पोचलो तेव्हा सुपरवायझर आमच्या कापडाच्या टोकाशी उभा राहून फोनवर बोलत होता. माझ्याआधी आला होता. तो कधी माझ्याआधी येत नसे. मी जवळ गेलो आणि पाहिलं, आदल्या दिवशी शिवलेल्या मोठ्या तुकड्याची एक अख्खी शिवण उघडी पडली होती. कापड फाटलं नव्हतं. दोन्ही कडांवर सुईची भोकं ओळीनं तशीच होती, फक्त दोरा नव्हता. आमचा दोरा नारिंगी असायचा. करड्या कापडावर चुकलेला टाका लांबून दिसावा म्हणून बंधाऱ्याच्या इंजिनिअर साहेबांनी मुद्दाम तो रंग घ्यायला लावला होता. आता त्या नारिंगी रंगाचा तिथे एक तुकडासुद्धा नव्हता.

"शेठ, शूं थयुं आ?" सुपरवायझर म्हणाला. "मी साहेबांना फोन केला. करावाच लागतो ना."

दोरा आपोआप तुटला असता तर तुकडे पडले असते. म्हणजे कोणीतरी ओढला होता. ओढायचा कसा हे कुणाला माहीत? शिवणाऱ्याला. आणि आदल्या संध्याकाळी शिवणारी कुणाशी बोलत उभी होती? माझ्या डोक्यात हिशेब जुळला आणि जुळल्याबरोबर तोंडातून बाहेर पडला. बायका नुकत्याच येऊन मशीनमध्ये तेल घालत होत्या. पलीकडे आगरच्या चार-पाच जणी मासळी वाळत घालत होत्या. मी सगळ्यांच्या देखत बायला विचारलं, "किती दिले त्यानं?"

"कुणी?"

"या टोपीवाल्यानं! एक शिवण उसवायचे किती घेतले? मला सांगितलं असतंस तर मी भाव वाढवून मागितला असता."

मासळीवाल्यांपैकी कुणीतरी हसलं. बायनं उघड्या शिवणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मशीन फडक्यानं पुसलं, कापडावर ठेवलं आणि पिशवी उचलून चालायला लागली. तिच्या पाड्यावरच्या तिघी तिच्या मागे गेल्या. उरल्या दोघी. त्या पुढून कड धरणाऱ्या आणि मागून उचलणाऱ्या होत्या. मशीन दोघींनाही येत नव्हतं.

साहेब दुपारी आले. चष्मा लावलेले, कमी बोलणारे, आवाज न चढवणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "होळीच्या पौर्णिमेला उधाण आहे. त्याआधी तुमच्या भागात कापड आणि पहिला थर दगड पडला पाहिजे. आज धरून आठ दिवस. नाही झालं तर उरलेलं काम मी दुसऱ्यांना देईन, आणि हा भागही तेच पुरा करतील."

दुसरे म्हणजे कोण, ते विचारायची गरज नव्हती. सुपरवायझर टोपी काढून घाम पुसत होता.

मी रागानं किनाऱ्यावरून चालत सुटलो. मासळीच्या खळ्यापाशी आलो आणि थबकलो. बोंबील वाळत घालायला बांबूंचे नवे मांडव उभे केले होते आणि बांबूंच्या जोडांवर नारिंगी दोरा गुंडाळलेला होता. दोन मांडव. माझाच दोरा, चांगला तिहेरी करून, घट्ट.

एक म्हातारी बोंबील उलटेपालटे करत होती. मी ओरडलो, "हा दोरा कुठून आणला?"

"तुमच्या गोधडीतून," ती म्हणाली. हात थांबलासुद्धा नाही.

"चोरलास?"

"ए शेट, आवाज बारीक. माझ्या खळ्यावर पाच दिस तुझी गोधडी पसरलीय, मी तुला भाडं मागितलं? सकाळी शेपूट लोंबताना दिसलं. म्हटलं बांधायला होईल. बोटाला गुंडाळून जरा ओढलं, तर येतच राहिलं, येतच राहिलं. माझ्या लग्नातलं लुगडंसुद्धा एवढं लांब नव्हतं."

बाकीच्या जणी हसायला लागल्या.

"तुला कुणी पाठवलं? टोपीवाल्यानं?"

"मला कोण पाठवतो! माझं मी उठते, माझं मी जाते. तो उभा होता तिथं, चहा पीत."

"त्यानं पाहिलं?"

"डोळे असतील तर पाहिलं असेल."

"काही बोलला नाही?"

"तो कशाला बोलेल? दोरा काय त्याचा होता?"

मी म्हातारीला जवळजवळ ओढतच साहेबांकडे नेलं. तीही मजेनं आली, हातात एक बोंबील तसाच. मला वाटलं होतं की आता सुटलो. दोरा चोरीला गेला, चोर सापडला, बघणारा गप्प बसला. साहेबांनी सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, "मला वाटलं फालतू दोरा आहे, वाया गेलेला." साहेबांना ते पटलं. मला आजपर्यंत पटलेलं नाही.

मग साहेब दुसऱ्या एका शिवणीच्या टोकाशी जाऊन उकिडवे बसले. तिथेही वीतभर दोरा मोकळा होता. त्यांनी तो दोन बोटांत धरून ओढला. टाका निघाला, त्यामागे दुसरा, त्यामागे तिसरा. हातभर शिवण त्यांनी बसल्या जागी उघडून दाखवली, एका म्हातारीच्या आणि तिच्या बोंबलाच्या साक्षीनं.

"हिनं चोरला म्हणून शिवण उघडली नाही," ते म्हणाले. "ही उघडणारीच होती. शेवटी गाठ का नाही मारली?"

मी तोंड उघडायच्या आत, माझ्याकडे उरलेल्या दोघींपैकी एक साधेपणानं म्हणाली, "गाठ मारली तर शेट ओरडतो ना."

खरं होतं. पोतं शिवताना शेवटी वीतभर दोरा मोकळा सोडायचा हा माझा नियम होता. गिऱ्हाइकानं ते शेपूट धरून ओढलं की पोतं एका झटक्यात उघडलं पाहिजे, आणि दोरा अख्खा त्याच्या हातात आला पाहिजे. गाठ असली की लोक विळ्यानं कापतात, पोतं फाटतं आणि शिव्या गिरणीला बसतात. नव्या बाईच्या हातून चुकून गाठ पडली तर मी पोतं तिच्यासमोर आपटायचो. रस्त्याच्या कामावर आम्ही सकाळी शिवलं की दुपारी त्यावर भराव पडायचा, म्हणून तीन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. पोतं उघडण्यासाठी शिवतात आणि हे कापड कधीच उघडू नये म्हणून शिवतात, एवढा साधा फरक मी बायकांना सांगितला नव्हता. माझ्याच डोक्यात आला नव्हता.

साहेबांनी सुटायची वाट एकच ठेवली. सगळ्या शिवणींवर अर्धा इंच सोडून दुसरी ओळ, दोन्ही टोकांना गाठी. मुदत तीच, होळीची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायच्या पाड्यावर गेलो. तलासरीपासून आत, शेवटचा चढ चालतच चढावा लागतो. ती अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिचा नवरा पडवीत टोपली विणत बसला होता. त्यानं मला बसायला खाट दिली, पाणी दिलं आणि पुन्हा टोपली हातात घेतली. बायनं मान वर केली नाही.

"दोरा म्हातारीनं ओढला," मी म्हणालो.

"बरं झालं कळलं."

"गाठ माझ्यामुळे राहिली."

"ते मला ठाऊक होतं. तुम्हाला कळलं, तेही बरं झालं."

"बाय, सात दिवस राहिलेत. मजुरी दीडपट देतो."

"मजुरी वाढवा म्हटलं का मी?"

"मग काय पाहिजे?"

"जिथं बोललात तिथं बोला. तीच माणसं पाहिजेत. मासळीवाल्यापण."

मी भाव करायला लागलो. आता लिहिताना लाज वाटते, पण केला. म्हटलं, इथे बोलतो, तुझ्या नवऱ्यासमोर. ती म्हणाली, "त्यानं काय मला चोर म्हटलेलं?" म्हटलं, आपल्या बायकांसमोर बोलतो. तिनं मान हलवून नाही म्हटलं. म्हटलं, साहेबांसमोर बोलतो, पण तो टोपीवाला नको, तो उद्या सगळ्या तालुक्यात सांगत सुटेल. तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"त्याचंच नाव घेऊन बोललात ना मला? मग त्याच्यासमोरच."

पडवीतून नवरा म्हणाला, "शेट, ही माझ्याशी बारा दिस बोलली नव्हती एकदा. एका कोंबडीपायी."

मी उठलो. चढ उतरून रस्त्यापर्यंत आलो. मशीन चालवणारी दुसरी बाई कुठे मिळेल याचा विचार केला, आणि होळीच्या तोंडावर कुठल्याच पाड्यावरून कुणी येणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. परत चढून गेलो. म्हटलं, "उद्या सकाळी ये. बोलतो."

ती तिघींना घेऊन आली. साहेब होते, सुपरवायझर होता, मासळीवाल्या तर हातातलं काम टाकून आल्या होत्या. मी म्हटलं, "परवा माझी चूक झाली. गाठ मारू नका हे मीच शिकवलं होतं."

बाय उभीच. मशीनला हात लावला नाही.

म्हातारीनं ओरडून विचारलं, "आणि बाईचं काय?"

सुपरवायझर टोपीखालून बघत होता. मी म्हटलं, "हिनं कुणाकडून काही घेतलं नाही. हिनं काही उसवलं नाही. मी खोटा आळ घेतला."

बायनं मशीन खांद्याला अडकवलं. जनरेटर सुरू झाला.

त्या दिवसांत तिनं जसं काम केलं तसं मी आधीही पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. पहिल्या ओळीपासून दुसरी ओळ अर्ध्या इंचावर, जशी फूटपट्टीनं आखलेली. प्रत्येक टोकाला गाठ, गाठ ओढून बघायची, मग पुढे. उन्हात मशीन इतकं तापायचं की ती मुठीभोवती ओलं फडकं गुंडाळायची. मी स्वतः मागे उभा राहून कड उचलत होतो. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. "उचला." "थांबा." "सोडा." होळीच्या आदल्या दिवशी आमच्या भागावर शेवटचा दगड पडला. उधाण आलं, पाणी दगडांवर निम्म्याच्या वरपर्यंत चढलं आणि उतरलं. वाळू हलली नाही. साहेबांनी उरलेला निम्मा बंधारा मला दिला.

सुपरवायझरच्या तोंडावर मी पेढ्याचा पुडा उघडून धरला. त्यानं एक उचलला आणि म्हणाला, "अभिनंदन शेठ." एवढा शांत का आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बायका होळीला घरी निघाल्या होत्या. मी बायला सांगितलं, "रंगपंचमीनंतर लगेच या. आता भरपूर काम आहे."

"मी नाय येणार, शेट. आम्ही चौघी."

"का?"

"तलासरीकडं तळं बांधतायत, त्यात प्लास्टिकखाली कापड घालायचंय. टोपीवाल्याच्या मेव्हण्याचं काम आहे. त्याला शिवणाऱ्या पाहिजेत."

माझा आवाज चढला. "म्हणजे त्या संध्याकाळी टाकीपाशी हेच चाललं होतं! मला शंका आली ती बरोबरच होती!"

"हो. हेच विचारत होता तो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्याला नाय म्हटलेलं. नाय म्हटलेलं काय सांगायचं?"

"मग आता हो का म्हणतेस?"

तिनं पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "तेव्हा तुम्ही मला काय बोलला नव्हतात."

"पण मी सगळ्यांसमोर माफी मागितली!"

"मागितलीत. म्हणून तर बंधारा पुरा करून दिला."

टमटम आली. चौघी बसल्या. तो किती दर देतोय, मी त्याच्यावर देतो, असं काहीतरी मी ओरडलो. ड्रायव्हरनं वाट पाहिली, तिच्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

उरलेला निम्मा बंधारा मी पुरा केला, पण माझा घाम निघाला. चिंचणीहून दोघी आणल्या. त्यांना शिकवता शिकवता मीच मशीन धरायला लागलो आणि दर दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझी शिवण उसवायला लावली. सुपरवायझर रोज संध्याकाळी नेहमीसारखा फोटो काढत चालत जायचा. त्यानं माझं काही नेलं असं मी कुणाला सांगू शकत नाही. तो एका सकाळी चहा पीत उभा राहिला आणि काही बोलला नाही, एवढंच त्यानं केलं. बाकीचं मी केलं. तरीही तो रस्त्यात दिसला की माझ्या मुठी वळतात, आणि नमस्कार मात्र आधी तोच करतो.

पुढच्या उन्हाळ्यात तलासरीकडे गेलो असताना मी ते तळं बघायला थांबलो. काम वर्षभर रेंगाळलं होतं; वर प्लास्टिक घातलं नव्हतं, पाणीही भरलं नव्हतं. काठावर उभा राहून मी शिवण न्याहाळत होतो, एखादा तरी टाका सुटलेला सापडेल म्हणून. कड वरच्या बाजूला ठेवलेली होती, ठेवायला पाहिजे तशी. दुसरी ओळ सरळ होती. खाली तळात बाय मशीन घेऊन उभी होती, आणि तिच्या पुढे-मागे मला अनोळखी अशा सहा-सात बायका. ती त्यांना काहीतरी सांगत होती. तिनं मला पाहिलं.

"शेट! वरून काय दिसणार? खाली या, हात लावून बघा!"

बायका वर बघायला लागल्या. मी हातानंच नको म्हटलं आणि ओरडून सांगितलं की डहाणूला वेळेवर पोचायचं आहे, घाई आहे.

त्या दिवशी मला कुठेही पोचायचं नव्हतं.